पैसे वाचवायचेत, पण सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की रोजच्या जगण्यात पैसे वाचवायचे सोपे मार्ग कोणते. लहानसहान खर्च दोन-तीनदा कापून पाहिले, पण महिन्या-दीड महिन्यात सगळं पूर्वीसारखं होतं, असंही लिहिलंय.

तसं होणारच. ज्या बचतीसाठी रोज मन मारावं लागतं ती फार दिवस चालत नाही. म्हणून आवडीच्या खर्चाला हात लावायला मी सांगणारच नाही. आधी असा पैसा शोधा, जो जातो आणि बदल्यात काहीच देत नाही: व्याज, न वापरलेली सबस्क्रिप्शनं, गळणारं पाणी, विनाकारण जळणारी वीज, फेकलेलं अन्न. यातली बरीचशी कामं एकदाच करायची असतात. केली की विसरून जायचं.

क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करा. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जातं. आकडे घालून बघा. थकबाकी १०,००० आहे, व्याज ३ टक्के आहे आणि बिलावरची किमान रक्कम ५ टक्के आहे असं धरा. पहिल्या महिन्यात व्याज लागून रक्कम १०,३०० होते, तुम्ही ५१५ भरता, उरतात ९,७८५. असंच वर्षभर किमान रक्कम भरत राहिलात, नवीन काहीही घेतलं नाही, तरी वर्षाअखेर सुमारे ७,७०० शिल्लकच असतात. तुम्ही भरलेले असतात साधारण ५,५००, आणि त्यातले ३,२०० नुसत्या व्याजात गेलेले असतात. इतकं नुकसान घरातला दुसरा कुठलाही खर्च करत नाही.

इथे आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थकबाकी पुढे ढकलली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत संपते आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागायला सुरुवात होते. म्हणून फेड चालू असेपर्यंत ते कार्ड वापरायचं नाही, रोजचा खर्च खात्यातल्या पैशातूनच करायचा. कार्डाने रोख रक्कम काढणं तर सगळ्यात महाग, कारण व्याज त्याच दिवसापासून लागतं आणि वर वेगळं शुल्क पडतं. कर्जं दोन-तीन असतील तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरा आणि वरची प्रत्येक जादा रक्कम सर्वाधिक दराच्या कर्जात टाका. छोटं कर्ज आधी संपवलं की हुरूप येतो हे खरं, पण दरांत मोठा फरक असेल तर तो हुरूप महाग पडतो. कमी दराच्या कर्जातून कार्ड फेडता येत असेल तर प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडीचा दंड धरून एकूण किती भरावं लागेल ते काढा. नुसता मासिक हप्ता कमी दिसला म्हणून भुलू नका. मुदत लांबवली की हप्ता कमी होतोच.

आता बँकेचं स्टेटमेंट. तीन महिन्यांचं पाहून पुरत नाही, बारा महिन्यांचं काढा, कारण वार्षिक वर्गण्या वर्षातून एकदाच दिसतात. दर महिन्याला किंवा वर्षाला त्याच नावाने जाणारी प्रत्येक रक्कम कागदावर लिहा, मासिक असेल तर बाराने गुणा, आणि समोर 'गेल्या महिन्यात किती वेळा वापरलं' हे लिहा. शून्य असेल ते आजच बंद करा. परत घेणं दोन मिनिटांचं काम असतं, त्यामुळे बंद करताना कचरायचं कारण नाही. एक मात्र सांभाळा: फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. जिथून पैसे भरायला सुरुवात केली होती, म्हणजे ॲप स्टोअर, त्या सेवेची वेबसाइट किंवा बँकेतली स्वयंचलित सूचना, तिथे जाऊनच रद्द करावं लागतं. रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत काम संपलं असं धरू नका. फुकट चाचणी घेत असाल तर संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच वेळी लावून ठेवा.

विजेच्या बाबतीत लोक चुकीच्या ठिकाणी फार कष्ट घेतात. हिशेब एकच आहे: वॉट गुणिले तास, भागिले १०००, आलेला आकडा म्हणजे युनिट. वर्षभर अखंड चालू राहणारा १ वॉट वर्षाला सुमारे ८.८ युनिट खातो. फोनचा चांगला चार्जर नुसता सॉकेटमध्ये राहिला तर अर्ध्या वॉटहूनही कमी घेतो. तो रोज आठवणीने काढून काही फारसं हाती लागत नाही. याउलट टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स 'बंद' असतानाही १० वॉट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट जातात. त्याला बटणाची एक्स्टेन्शन पट्टी लावा आणि रात्री एकच बटण बंद करा. रेकॉर्डिंग लावलेलं असेल तेवढी रात्र ते चालू ठेवावं लागेल.

दिवे आणि पंखे बदलताना सगळं घर एकदम बदलायची गरज नाही. कुठलं उपकरण किती तास चालतं ते बघा. ६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज ५ तास चालत असेल, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. तोच बदल रोज पाच मिनिटं लागणाऱ्या अडगळीच्या खोलीत केला तर वर्षाला दीड युनिट. ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालत असेल आणि त्याजागी ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा आला, तर वर्षाला सुमारे १९७ युनिट. त्याला तुमच्या बिलावरच्या युनिटच्या दराने गुणा आणि पंख्याची किंमत त्या रकमेने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते समोर येतं. कुठलीही 'वीज वाचवणारी' वस्तू घ्यायच्या आधी हा भागाकार करा.

खरी वीज जाते ती तापवण्यात आणि थंड करण्यात. पाण्याचं गणित सोपं आहे: लिटर गुणिले जितके अंश तापवायचे ते, भागिले ८६०, म्हणजे युनिट. १०० लिटर पाणी २५ अंशांनी वाढवायला जवळजवळ ३ युनिट लागतात. म्हणून गरम पाण्याचं प्रमाण कमी करणं हे दिवे विझवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. शॉवरखाली बादली ठेवा आणि एका मिनिटात किती भरते ते मोजा. १२ लिटरच्या वर भरत असेल तर कमी प्रवाहाचा शॉवर लावा. कपडे धुण्याच्या मशिनमध्येही कपडे घुसळण्यापेक्षा पाणी तापवायलाच जास्त वीज लागते. रोजच्या साध्या मळाला थंड पाणी चालतं. तेलकट डाग, आजारी माणसाचे कपडे आणि पांघरुणं यांनाच गरम लावा.

फ्रीजच्या दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढून बघा. सहज निसटली तर तिथला रबर ढिला झालाय. आधी साबणाच्या कोमट पाण्याने तो पुसून घ्या, कारण पुष्कळदा चिकटलेली घाणच दार नीट बसू देत नाही. तरीही निसटली तर नुसता रबर बदलून मिळतो, त्यासाठी फ्रीज बदलायला नको. आतलं तापमान ४ अंश आणि फ्रीझरमधलं उणे १८ अंश पुरेसं असतं. तपासायला पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा, नुसत्या हवेत धरलात तर दार उघडताच आकडा बदलतो. मागची जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. एसीची जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवा. तापमान एकेका अंशाने वाढवत न्या. पंखा सोबत असेल तर पुष्कळांना २६ अंशही पुरतात.

पाणी गळतंय का हे डोळ्यांनी ठरवू नका. ठिबकणाऱ्या नळाखाली १० मिनिटं भांडं ठेवा, जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. ती एका दिवसाची गळती. साध्या फिरकीच्या नळात बहुधा वॉशरच झिजलेला असतो. मुख्य वाल्व बंद करून तो बदलायला पंधरा मिनिटं लागतात. नळ जास्त आवळून गळती थांबवत राहिलात तर वॉशर चेपतो, मग आतली बैठक घासली जाते आणि पूर्ण नळच बदलावा लागतो. फ्लशच्या टाकीची गळती तर ऐकूही येत नाही. टाकीत खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी झडप बदलायला झालीय.

स्वयंपाकात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवली तरी ते अधिक गरम होत नाही, फक्त वाफ जास्त होते. उकळी आली की आच कमी करा आणि झाकण ठेवा. कुकरला पूर्ण वाफ धरली की तेच. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जात असेल तर तेवढा गॅस हवा तापवतोय.

अन्न फेकलं जातं ते मुख्यतः दिसत नाही म्हणून. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारखेची चिकटपट्टी लावा. फ्रीजचं दार ही सगळ्यात उबदार जागा, तिथे दूध ठेवू नका. पिकलेली केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात, त्यामुळे शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते; ती वेगळ्या कप्प्यात, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. पाकिटावर 'या तारखेपूर्वी उत्तम' लिहिलं असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख आहे. 'या तारखेपर्यंतच वापरा' असं लिहिलं असेल तर मात्र ती सुरक्षिततेची आहे, तिथे काटकसर नको.

दुकानातल्या सवलतींचं गणित मनात करायची सवय फार उपयोगी. दोनावर एक फुकट म्हणजे ३३ टक्के सूट. दुसऱ्या वस्तूवर ५० टक्के म्हणजे एकूण २५ टक्केच. '५० टक्के आणि वर २० टक्के' म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के, कारण २० टक्के उरलेल्या निम्म्यावर लागतात. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरू नका. किंमत भागिले वजन करून बघा, आणि वजन दर वेळी वाचा. किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमचं ४५० ग्रॅम केलं की भाव ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. ऑनलाइन दुकानांतून साठवलेलं कार्ड काढून टाका. आकडे टाइप करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात बरीचशी खरेदी आपोआप टळते.

वाहन असेल तर टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला आकडा घ्या; टायरवर छापलेला आकडा त्याच्या कमाल दाबाचा असतो.

एवढं करूनही वाचलेला पैसा त्याच खात्यात राहिला तर खर्च होतोच. पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड जवळ बाळगू नका. सुरुवात उत्पन्नाच्या ५ टक्क्यांनी करा. पहिल्याच महिन्यात २० टक्के लावले की महिनाअखेर पैसे कमी पडतात आणि पुन्हा क्रेडिट कार्डाला हात जातो. त्यानंतर जेव्हा जेव्हा एखादं सबस्क्रिप्शन बंद होईल, एखादा हप्ता संपेल, तेव्हा त्याच दिवशी बँकेतली ती सूचना उघडा आणि आकडा तेवढ्याच रकमेने वाढवा.