गाडीआधी प्लग बघा: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे. अहिराणीत एका वाचकाने तो चार शब्दांत लिहिला: ‘भाऊ, कोनती गाडी लेवानी?’ मॉडेलचं नाव आम्ही शेवटी सांगतो. आधी महिन्याचं रनिंग, गाडी उभी करायची जागा आणि त्या जागेवरचा प्लग, एवढं कळायला हवं. ज्यांनी हे तिन्ही लिहून पाठवलं, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : मी शिक्षक आहे. चोपड्याहून जळगावला रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतात. घरी आम्ही पाच जण. 2021ची नेक्सॉन ईव्ही, 62,000 किलोमीटर चाललेली, सात लाखांना सांगतात. घरासमोर पत्र्याची शेड आहे. घ्यावी का? बॅटरी गेली तर काय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : तुमचं रनिंग ईव्हीला साजेसं आहे. महिन्याला 2,400 किलोमीटर धरू. पेट्रोलची गाडी लिटरला 17 देत असेल तर 141 लिटर लागेल. 105 रुपयांनी त्याचे 14,800 झाले. ही नेक्सॉन भिंतीतल्या एका युनिटवर साधारण सहा किलोमीटर जाते, म्हणजे 400 युनिट. ते घरच्याच मीटरवर पडले की बिल वरच्या स्लॅबमध्ये चढतं, हे बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. म्हणून युनिटला 15 रुपये धरा, तरी 6,000च होतात. छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, तर महिन्याला साधारण 350 युनिट निघतात आणि हा आकडाही बराच खाली येतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे.

आता बॅटरी. या गाडीत 30.2 किलोवॅट-अवरची बॅटरी आहे. कागदावर रेंज 312 किलोमीटर, पण नवी असतानाही प्रत्यक्षात 200च्या आसपास. मे महिन्यात एसी लावून, घरचे सगळे बसवून 170 धरा. रोजच्या शंभराला ते पुरून उरतं. बॅटरीवर कंपनीची हमी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते. तारखेने ही हमी 2029पर्यंत आहे, पण तुमच्या रनिंगने उरलेले 98,000 किलोमीटर साडेतीन वर्षांत संपतील. गाडीचा भाव करताना ही साडेतीन वर्षंच डोळ्यासमोर ठेवा. हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर चालू राहते का आणि आधीच्या मालकाची एखादी सर्व्हिस चुकली आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तिथेच बॅटरीचा एसओएच रिपोर्ट, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे त्याचा कागद, मागा.

रिपोर्ट हातात आला तरी एक तपासणी स्वतः करा. डॅशबोर्डवरच्या ‘इतके किलोमीटर बाकी’ या आकड्यावर जाऊ नका. तो आधीच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. चार दिवस हळू चालवली की तो आपोआप फुगतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं. इलेक्ट्रिशियनकडून प्लगच्या आधी एक छोटा सबमीटर लावून घ्या. गाडी 20 टक्क्यांवर आणून रात्री चार्जिंगला लावा आणि सकाळी 100 टक्के झाल्यावर मीटर वाचा. बॅटरी धड असेल तर 26-27 युनिट पडतात, कारण 30.2चे 80 टक्के म्हणजे 24 आणि वर दहा-बारा टक्के चार्जरमधली घट. मीटरवर 22च दिसले तर बॅटरीचा पाचवा हिस्सा गेला असं समजा आणि भाव त्या हिशेबाने पाडा. विकणारा एक रात्र गाडी द्यायला तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

दुसरी गोष्ट. या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. गाडी कायम 40 ते 80 टक्क्यांतच फिरवली असेल तर तिलाच आपली खरी टक्केवारी कळेनाशी होते. मग 18 टक्के दाखवणारी गाडी एकदम 6वर येते आणि मालक म्हणतो बॅटरी गेली. दोन-तीनदा सावकाश 100 टक्के चार्ज केल्यावर आकडा ताळ्यावर आला तर बॅटरी गेलेली नव्हती. नाही आला तर सेलमध्ये दोष आहे, ती गाडी सोडा.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. बॅटरीचा डबा पोटाखाली असतो. शेतरस्त्याचा दगड किंवा गावातला उंच स्पीडब्रेकर लागून डब्याला पोचा आलेला असेल तर हमीचा दावा अडकतो. केशरी रंगाच्या जाड वायरी कुठे कुरतडलेल्या नाहीत ना, हे टॉर्च लावून पाहा. खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांना तीच जागा आवडते. चार्जिंगच्या तोंडातली एखादी पिन काळवंडली असेल तर तिथे ठिणगी पडलेली आहे. आणि विकत घेतल्यानंतर एखाद्या सकाळी 90 टक्के चार्ज असूनही गाडी जागची हललीच नाही, तर घाबरू नका. बहुतेक वेळा बॉनेटखालची साधी 12 व्होल्टची बॅटरी बसलेली असते. मोठ्या बॅटरीचा स्विच त्या छोटीच्या करंटवर लागतो. ती काही हजारांत बदलून मिळते.

आता तुमची शेड. 15 अँपिअरच्या प्लगवर ही गाडी आठ-नऊ तास सलग करंट ओढते. जुन्या घरातली 2.5 चौरस मिलिमीटरची वायर अर्ध्या तासाच्या गिझरला चालते, रात्रभराच्या चार्जिंगला नाही. आधी प्लगची टोपी पिवळी पडते, मग वितळते. मीटरपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर जोड सैल आहे. अर्थिंग नसेल तर चार्जर सुरूच होत नाही. काळ्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये तडकून कोरडा पडतो आणि पावसाळ्यात सुरळीत चाललेला चार्जर उन्हाळ्यात फॉल्ट दाखवू लागतो. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवं.

पत्र्याखाली दुपारी भट्टी होते. शाळेतून आल्या आल्या गाडी लावू नका. जेवणं उरकून, दहानंतर लावा. जळगावचा पारा 45वर असताना 100 टक्के भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणं हे बॅटरीचं आयुष्य कमी करण्याचं सगळ्यात सोपं साधन आहे. लांब गावाला जाणार असाल तर 70 टक्क्यांच्या खालीच ठेवून जा.

संभाजीनगरला जाणं वर्षातून चार वेळा असेल तर वाटेत एक फास्ट चार्जिंग धरून निघा. अजिंठ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उतरताना थोडे परत येतात. पण वरूनच फुल्ल करून निघालात तर काही परत येत नाही, कारण भरलेल्या बॅटरीत जागाच नसते.

रिपोर्ट आणि सबमीटर दोन्ही नीट निघाले तर गाडी घ्या. सात लाख मात्र देऊ नका. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भावही खाली यायलाच हवे होते. बोलणी तिथून सुरू करा.

प्रश्न : सुरतेहून मेहुण्यांच्या ओळखीने जीजे पासिंगची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळते. आमचं शहादा. घेतली तर काय काय लागेल?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नवापूर स्टेशनावर एकच बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. आरटीओत तशी सोय नाही. सुरतच्या आरटीओची एनओसी (फॉर्म 28), विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र घेऊन नंदुरबारला एमएच 39 करून घ्यावी लागेल. इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो आणि गुजरातचा उरलेला परत मिळवणं तुमच्या मेहुण्यांच्या ओळखीवर सोडा. पन्नास हजारांतले बरेचसे इथेच जातील. ‘असू दे जीजेच’ म्हणणारे भेटतील, पण दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे.

व्यवहाराच्या दिवशी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. थकलेली ई-चलनं आधीच्या मालकाकडून भरून घ्या. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

सुरतेची गाडी म्हणून एक जास्तीची तपासणी : सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ राहते. सीट कव्हर बदलतात, पट्टा कोणी धुत नाही.

आणि हो, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर ती खासगी ईव्ही. अक्षरं पिवळी असतील तर ती टॅक्सी होती. स्वस्त ईव्हीच्या जाहिरातीतला फोटो आधी तेवढ्यासाठी मोठा करून बघा.

प्रश्न : आम्ही मळ्यात राहतो. केळीच्या मोटरची थ्री-फेज लाइन आहे, सौर पंपही मंजूर झालाय. टियागो ईव्ही घेतली तर त्यावर चार्ज होईल ना?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : दोन्हीवर नाही. शेतीच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं हा वीज कायद्याच्या कलम 126खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय ती लाइन पाळीने येते. सौर पंपाचं तर तंत्रच वेगळं. त्याचा कंट्रोलर ऊन असेल तशी मोटरची गती वर-खाली करतो, तिथे घरासारखा 230 व्होल्टचा स्थिर पुरवठा नसतो. त्याला गाडी जोडायचा प्रयत्न करू नका.

मळ्यातल्या घराला घरगुती कनेक्शन असेल तर मंजूर भार बघा. बिलावर एक किलोवॅट लिहिलेला असेल तर तो वाढवून घ्या, कारण गाडी एकटीच तीन किलोवॅट ओढते. खांब लांब असेल तर संध्याकाळी सातला प्लगवर व्होल्टेज मोजा. 180च्या घरात येत असेल तर चार्जर मध्येच बंद पडेल. हे सगळं जमत असेल तरच 24 किलोवॅट-अवरची टियागो घ्या. 19.2ची घेऊन हजारो रुपये वाचवलेले लोक रावेर ते जळगाव आणि परत करताना एसी बंद ठेवतात.

प्रश्न : महिन्याला पाचशे किलोमीटर. सीएनजी की पेट्रोल?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : पेट्रोल. 18चं अ‍ॅव्हरेज आणि 105चा भाव धरून महिन्याला 2,900 रुपये लागतील. सीएनजीला 26 किलोमीटर आणि किलोला 90 रुपये धरून 1,730. वर्षाची बचत 14,000, आणि सीएनजी मॉडेलसाठी वर दिलेले 90,000 वसूल व्हायला सव्वासहा वर्षं लागतील. त्यात पंपावरची रांग धरलेली नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टही करावी लागते. लग्नसराईत बॅगा मांडीवर घ्यायच्या नसतील तर निदान दोन छोट्या सिलिंडरचं, डिकी मोकळी ठेवणारं मॉडेल बघा. महिन्याला 1,200 किलोमीटर चालत असाल तर आमचं उत्तर उलटं असतं.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो. भुसावळातच फिरणं, वर्षातून दोनदा पुणे. 2021ची बीएस-6 डिझेल चांगली मिळतेय. डीलर म्हणतो, किमतीवर 18 टक्के जीएसटी वेगळा.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : डिझेल तुमच्या कामाची नाही. बीएस-6 डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला गाडी वीस-पंचवीस मिनिटं साठच्या आसपास एकसारखी पळावी लागते. बाजार, स्टेशन, दवाखाना एवढंच फिरलं तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. दिवा लागला की जळगावपर्यंत हायवेवर एक फेरी मारणं हा उपाय आहे, पण दर महिन्याला तो कोण करणार? साधी 1,200 सीसीची पेट्रोल घ्या. गुडघे दुखत असतील तर एएमटी, म्हणजे क्लच दाबावा न लागणारी.

जीएसटीबद्दल : नोंदणीकृत डीलरला 18 टक्के लागतो, तो त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. त्याने चार लाखांना घेतलेली गाडी साडेचारला विकली तर कर पन्नास हजारांवरचा, म्हणजे 9,000. साडेचार लाखांवर तो 81,000 मागत असेल तर पक्कं बिल मागा. थेट मालकाकडून घेतली तर जीएसटी नाहीच.