फासकी लावली दुसऱ्याने, गडगा माझा

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६८. राजापूर तालुक्यात एकटीच राहते. घरामागे पाऊण गुंठ्यात परसबाग आहे. पडवळ, दोडकी, लाल माठ, रताळी, करांदे असं काहीबाही करते. दिवसा लाल तोंडाची माकडं पडवळ ओढून नेतात, रात्री रानडुकरं रताळ्याचे वाफे उकरतात. भाद्रपदात वैतागून शेजारच्या मुलाला म्हटलं, "बाबा, तूच काय तो बंदोबस्त कर." त्याने माझ्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडारात क्लच वायरची फासकी लावली. गेल्या बुधवारी तीत डुक्कर अडकून मेलं. वाडीत मटणाची वाटणी झाली. माझ्याकडेही टोप आला, मी तो तसाच परत पाठवला. आता वनरक्षक येऊन गेले आणि सोमवारी रेंज ऑफिसात जबाबाला बोलावलं आहे. "मला काही माहीत नाही" असं सांगू का? मुंबईचा भाचा म्हणतो, पुढच्या वेळी मीटरवरून तारेत करंट सोडू आणि माकडांसाठी छऱ्याची बंदूक आणू. वडिलांची शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूकही माळ्यावर पडून आहे. मी काय करावं?

उत्तर :

बाई, सोमवारचं आधी बघू, भाजीचं नंतर. पण त्याहूनही आधी एक काम आजच करायचं आहे.

गडग्याला आणखी फासक्या आहेत का, ते थोडं लांबून बघून घ्या. असतील तर हात लावू नका आणि "गुपचूप काढून टाक रे" असं त्या मुलालाही सांगू नका. चौकशी सुरू झाल्यावर वायर गायब झाली, तर पुरावा नाहीसा केल्याचा वेगळा गुन्हा अंगाला चिकटतो. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा वनरक्षकाला कळवा. "माझ्या हद्दीत फासक्या दिसतात, येऊन काढून न्या" एवढंच बोला. पंचनामा करून त्यांनीच त्या न्याव्यात. यात एक दिवसही घालवू नका. आपल्याकडे डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याचं वारंवार घडतं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेला प्राणी. तुमच्या गडग्यावर तो अडकला तर आजची तुमची अडचण काहीच नव्हती असं वाटेल, आणि त्या मुक्या जिवाचे कंबरेत तार रुतून जे हाल होतात ते बघवत नाहीत.

आता तुमच्यावर नेमकं काय येऊ शकतं ते सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा खूप मोठी आहे. गोळी घालणं ही शिकार आहेच. पण विष घालणं, फासात धरणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, जखमी करणं आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच आहे. म्हणजे डुक्कर अडकलं नसतं तरी फासकी लावली तेव्हाच गुन्हा झालेला होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या. रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये आहे. त्याच्या शिकारीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुम्ही म्हणाल, फासकी मी लावली नाही. खरं आहे. पण याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की जो गुन्ह्याला चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्यानेही तो गुन्हा केला असं मानलं जाईल. म्हणून भाद्रपदात तुमच्या तोंडून निघालेलं ते एक वाक्य या प्रकरणात सर्वात महत्त्वाचं आहे. "बंदोबस्त कर" आणि "फासकी लाव" यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. बंदोबस्त म्हणजे खिंडार बुजवणं, काट्या लावणं, रात्री राखण करणंही होतं. फासकी लावताना तुम्ही बघितलीत का, बघून काय म्हणालात, वायरला पैसे दिलेत का, जागा दाखवलीत का, यांवर सगळं अवलंबून आहे. नुसतं माहीत असणं आणि गप्प बसणं म्हणजे साहाय्य नव्हे, असा बचाव उभा राहू शकतो. जागा दाखवली असेल तर मात्र तो फार टिकणार नाही. या प्रश्नांची खरी उत्तरं सोमवारच्या आत तुमच्या वकिलाला द्या, मला पत्रातून नकोत. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, पत्राची तशी खात्री नाही.

टोप परत पाठवलात हे फार बरं केलंत. शिकार झालेला प्राणी, त्याचं मांस, कातडं, सुळे, सगळं सरकारची मालमत्ता ठरतं. ते कोणत्याही मार्गाने हाती आलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. ज्यांच्या घरी त्या दिवशी मटण शिजलं, त्यांची स्थिती तुमच्यापेक्षा नाजूक आहे. टोप कोणी आणला, कोणाच्या हाती परत गेला, तेव्हा अंगणात कोण होतं, हे आठवून लिहून ठेवा.

"काही माहीत नाही" असं सांगू नका. तुम्ही वाडीतल्या दोन पिढ्या शिकवल्या आहेत. फासकी तुमच्या गडग्यावर आणि बाईंना माहीत नाही, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि एक खोटं पकडलं गेलं की पुढचं खरंही खोटंच वाटायला लागतं. त्याचवेळी स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ने आरोपीला दिलेलं ते संरक्षण आहे. म्हणून जे सांगाल ते खरं सांगा, आणि एखाद्या प्रश्नाला "वकिलांशी बोलून उत्तर देईन" म्हणायचा हक्क वापरा. जबाब कोण नोंदवतो तेही विचारून घ्या. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात वापरता येते. पोलिसांपुढच्या जबाबासारखी ही गोष्ट नाही. वाचल्याशिवाय सही करू नका. चष्मा न्यायला विसरू नका.

सोमवारी एकट्या जाऊ नका. शनिवारीच राजापूर किंवा रत्नागिरीच्या एखाद्या फौजदारी वकिलांना भेटा आणि अटकपूर्व जामीन अर्ज करावा का हे त्यांना विचारा. अनुसूची २ मधल्या प्राण्यासाठी जामिनाच्या अटी बिबट्या-गव्याच्या प्रकरणाइतक्या कडक नाहीत. तुमचं वय, पूर्वीची स्वच्छ नोंद आणि तुम्ही स्वतःहून केलेला फोन या तीन गोष्टी तुमच्या बाजूने बोलतील. शेजारच्या मुलालाही वकील करायला सांगा, पण तुमचाच नको. तुमचं आणि त्याचं हित इथे एक नाही, आणि एकाच वकिलाने दोघांची बाजू घेणं दोघांनाही घातक ठरतं. जबाबात काय सांगायचं हे दोघांनी बसून ठरवू नका. त्याने तुमच्यासाठी हे केलं याची तुम्हाला खंत आहे, ते पत्रातून दिसतं. त्याच्यासाठीही वाट आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ५४ खाली ठरावीक गुन्हे रक्कम भरून मिटवता येतात. किमान शिक्षा ठरलेल्या, म्हणजे अनुसूची १ च्या गुन्ह्यांना ती सवलत नाही. मान्य करायचं की नाही हे मात्र खात्याच्या अधिकाऱ्याच्या हाती आहे.

आता भाच्याचं. त्याला हा मजकूर वाचायला द्या.

मीटरवरून तारेत करंट सोडणं हा या पत्रातला सर्वात भयंकर विचार आहे. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारचं एक प्रकरण आलं होतं. एका माणसाने आपल्या शौचकूपात शेजारपाजारचं कोणी शिरू नये म्हणून मागच्या बाजूला उघडी विजेची तार लावली. शेजारच्या घराच्या शौचकूपाची भिंत पडलेली, म्हणून तिथली बाई याचं वापरायची. ती त्या तारेला लागून मेली. "माझी जागा, ती आगंतुक" हा बचाव न्यायालयाने मानला नाही. आगाऊपणे शिरलेल्या माणसालाही इजा करण्यासाठी सापळा लावण्याचा हक्क जागामालकाला नाही, असं ठरलं आणि शिक्षा कायम झाली. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मरण येऊ शकतं हे माहीत असून तार लावली असं ठरलं, तर सदोष मनुष्यवध, १० वर्षांपर्यंत. पहाटे काजूच्या बागेत जाणारा, गुरं शोधायला निघालेला पोर, रात्री पायखान्याला उठलेल्या तुम्ही स्वतः, यांतलं कोणीही त्या तारेला लागू शकतं. विदर्भात अशाच तारांनी वाघ मेले आहेत आणि माणसंही.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कोकणातलं लाल तोंडाचं माकड २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे लोक ज्याला किरकोळ समजून बेचकी मारतात, त्याचं संरक्षण रानडुकरापेक्षा वरचं आहे. छऱ्याने ते जखमी झालं तरी ती शिकार. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७, दंड किमान २५ हजार. न्यायाधीशांना दया आली तरी तीन वर्षांखाली उतरता येत नाही. डबा वाजवून, हाळी देऊन, कुत्र्याच्या भुंकण्याने माकडांना आपल्या परसातून हुसकणं मात्र निराळं. व्याख्येत हाकून नेण्याचा शब्द आहे खरा, पण माझ्या मते तो शिकारीच्या हाक्याला उद्देशून आहे, पडवळाच्या मांडवाखाली थाळी वाजवणाऱ्या बाईला नव्हे. थाळी खुशाल वाजवा.

वडिलांची ठासणीची बंदूक ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. शेतसंरक्षणाचा परवाना त्यांच्या नावचा होता. तो वारसाला आपोआप येत नाही. वडील गेल्यानंतर ती माळ्यावर ठेवणं म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली विनापरवाना शस्त्र बाळगणं. झडतीत सापडली तर डुकराच्या प्रकरणाला बंदूक जोडली जाईल. वकिलांमार्फत पत्र देऊन ती पोलीस ठाण्यात जमा करा, पोच घ्या. आणि परवाना चालू असता तरी तो बंदूक बाळगण्याचा, प्राणी मारण्याचा नव्हे. गावोगाव लोक हे दोन्ही एकच समजतात.

मग कायद्याने करता येतं तरी काय? बरंच. आत येऊ न देणं यावर कसलीच बंदी नाही. खिंडार चिऱ्याने बांधून काढा. डुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून मुसंडी मारतं. म्हणून गडग्याच्या आतून जाड जाळी लावून ती हात-दीड हात जमिनीत पुरली तर वरच्या उंचीपेक्षा जास्त उपयोग होतो. माकडांना कुंपण अडवत नाही. पडवळ-दोडक्यांसाठी वरूनही बंद असा जाळीचा पिंजराच करावा लागेल. तो ताठ ताणलेल्या लोखंडी जाळीचा करा. सैल नायलॉन जाळ्यात अजगर, धामण गुरफटतात. कधी गुरफटलेच तर लगेच १९२६ ला कळवा.

सौर कुंपण कायदेशीर आहे, पण सौर पट्टी लावून घरी जुळवलेलं नव्हे. मानक यंत्रातून क्षणभराचा झटका अधूनमधून येतो, सलग करंट वाहत नाही. म्हणून प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्या, धोक्याच्या पाट्या लावा, घरच्या मीटरशी ते कधीच जोडू नका. काही गावांना यासाठी सरकारी अनुदान आहे, तुमचं गाव त्यात बसतं का ते रेंज ऑफिसात कळेल.

डुकराचा उपद्रव तरीही थांबला नाही तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ ची वाट आहे. मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या अनुसूची २ मधल्या प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी सक्षम अधिकारी देऊ शकतो, आणि तिथे कायद्याचे शब्द 'कोणत्याही जमिनीवरील उभी पिकं' असे आहेत. कोणत्याही. दहा एकर भात पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. तुमचा पाऊण गुंठा रताळीही त्यात बसतात, असं मी कोणत्याही अधिकाऱ्यापुढे म्हणेन. परवानगी आधी मिळवायची असते. मिळाली तरी फासकी चालत नाही आणि मेलेलं डुक्कर खात्याचंच असतं.

नुकसानभरपाईचाही अर्ज करा, नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत. सातबारा, उकरलेल्या वाफ्यांचे फोटो, तारीख जोडा. परस घरठाणात मोडतं म्हणून अर्ज नाकारतील, किंवा मिळणारी रक्कम चहापाण्याला पुरेल एवढीच असेल. तरी करा. प्रत्येक अर्जाची पोच म्हणजे उपद्रव होत होता याचा कागद, आणि कलम ११ साठी तोच लागेल. पहिला अर्ज तुम्हीच सुंदर अक्षरात लिहा. सोमवारी जबाब झाला की त्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.