गणित शिकलेला माणूस साथीच्या रोगांवर काय संशोधन करतो?
तुमचा प्रश्न असा की, भाचा गणितात एम.एस्सी. करून साथरोगांच्या मॉडेलिंगवर पीएच.डी. करतोय. ना डॉक्टर, ना प्रयोगशाळा, मग दिवसभर करतो तरी काय?

तुम्ही रावेरचे, तर केळीवरूनच सांगतो. बागेत हरण्या हा विषाणूरोग दिसला की आपण ते झाड लगेच उपटून नष्ट करतो, तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवतो. कारण रोगट झाड जितके दिवस उभं, तितकी शेजारची झाडं धोक्यात. भाचा हेच माणसांसाठी समीकरणात मांडतो. एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते? आकडा एकाच्या वर असेल तर साथ वाढते, खाली आला की विझते. गोवराचा हा आकडा साधारण १२ ते १८ धरतात, म्हणून तो एकाच्या खाली आणायला ९२ ते ९४ टक्के लोक या रोगापासून सुरक्षित असावे लागतात. लसीकरणाचा एवढा आग्रह उगाच नाही!

आणि हे खूळ नवं नाही. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच पुढे गणितानं सांगितलं, की सगळे डास मारायची गरज नाही, ठरावीक मर्यादेखाली आणले तरी पुरे. करमॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये साथीचं आपलं गाजलेलं गणिती मॉडेल ताडून पाहिलं ते मुंबईच्या १९०५-०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंवर.

खरी डोकेदुखी समीकरणांची नसतेच. ताप अंगावर काढणारा माणूस दवाखान्याच्या नोंदवहीत येतच नाही, त्याला मोजायचं कसं? भाच्याला हे विचारा, तासभर बोलेल.