तुळईचा भार खांबाच्या लाकडावर यावा

प्रश्न : घरामागे जमिनीपासून सुमारे 6 फूट उंचीचा लाकडी डेक बांधत आहोत. खांब 6 बाय 6 इंची आहेत. खांबाच्या दोन्ही अंगांना 2 बाय 10 इंची एकेक फळी बोल्टने आवळून तुळई करावी, असे सुतार म्हणतात. हा जोड पुरेसा आहे का?

उत्तर : नाही, काम पुढे जाण्याआधी आपण विचारलेत, हे फार बरे झाले. अशा जोडात डेकचा आणि त्यावरच्या माणसांचा सगळा भार केवळ बोल्टांवर येतो, बोल्टाखालचे लाकूड हळूहळू चिरडत जाते आणि तुळई नकळत खाली उतरू लागते. मी उतरवलेल्या एका जुन्या डेकमध्ये गोल भोकाचे लांबट अंडे झाले होते आणि बोल्टाच्या वर माझी करंगळी सहज शिरत होती.

म्हणून दोन्ही फळ्या एकमेकींना जोडून त्यांची एकच तुळई करावी आणि ती खांबाच्या माथ्याला घेतलेल्या खाचेत बसवावी. रंधलेला 6 इंची खांब प्रत्यक्षात 5.5 इंच भरतो. 2 इंची फळीही तशीच प्रत्यक्षात दीड इंच भरते. अशा दोन फळ्यांसाठी 3 इंच खाच घेतली, तरी मागे 2.5 इंच लाकूड उरते, आणि त्यातून अर्धा इंच जाडीचे दोन बोल्ट दोन्हीकडे वॉशर लावून आरपार घालता येतात. वजन खाच पेलते, बोल्ट तुळईला फक्त जागेवर धरून ठेवतात. 4 बाय 4 इंची खांबात मात्र अशी खाच घेऊ नये. तिथे तुळई माथ्यावर ठेवून धातूची तयार टोपी वापरावी.

खरी कसोटी खाचेच्या बैठकीची आहे. करवतीनंतर ती पटाशीने सपाट करावी, तुळई ठेवून पाहावी, आणि कुठे कागद सरकत असेल तर बैठक पुन्हा तासावी. प्रक्रिया केलेल्या लाकडातही औषध गाभ्यापर्यंत पोहोचलेले नसते, त्यामुळे ताज्या कापावर लाकूडरक्षक द्रावणाचा हात फिरवूनच तुळई कायमची बसवावी. या लाकडातील तांबेयुक्त औषध साधे लोखंड लवकर खाते. बोल्ट, नट आणि वॉशर गरम जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

तुळईचा सांधा कुठे येत असेल, तर तो खांबावरच यावा. लाकूड वाळून आकसले की नट सैल पडतात. वर्षभराने ते पुन्हा आवळावे लागतील, म्हणून शोभेची पट्टी ठोकून ते झाकू नयेत.