पाच वर्षांचा ब्रूनो हाक ऐकत नाही

प्रश्न : ताई, आमचा ब्रूनो लॅब्रडॉर आहे, वय पाच वर्षं. सात महिन्यांचा असताना तीन महिने घरी ट्रेनर येत होते. बस, थांब, ये, सगळं शिकला होता. साताऱ्याच्या बंगल्यात कधी त्रास झाला नाही. गेल्या वर्षी आम्ही पुण्यात मुलाकडे राहायला आलो, सातव्या मजल्यावर. आता फिरायला नेलं की पट्टा इतका ओढतो की हिचा खांदा दुखावला. बागेत मोकळा सोडला तर हाका मारून घसा बसतो, पण येत नाही. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की अंगावर उडी. मुलगा म्हणतो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, या वयात आता काय शिकणार? पुन्हा ट्रेनर लावावा का? तेव्हाचे पैसे वायाच गेले म्हणायचे का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत. ती म्हण शेपटीपुरती खरी असेल, कुत्र्याच्या डोक्याला ती लावू नका. पाच वर्षांचा लॅब्रडॉर ऐन उमेदीत असतो. पिल्लापेक्षा त्याचं लक्षही जास्त वेळ टिकतं. मला विचाराल तर पिल्लापेक्षा असा कुत्रा शिकवायला मला आवडतो.

तरी ट्रेनरच्या आधी डॉक्टर. कान, दात, कंबर आणि वजन तपासून घ्या. लॅब्रडॉरमध्ये खुब्याचं दुखणं पुष्कळ दिसतं. दुखणाऱ्या कंबरेवर बसायला नको वाटतं आणि आपण म्हणतो, ऐकत नाही.

तब्येत ठीक निघाली तर आठवून पाहा, ‘ये’ म्हटल्यावर ब्रूनो आला आणि तुम्ही त्याला काही दिलंत, असं शेवटचं कधी झालं? बहुतेक घरांत कोर्स संपला की खाऊ संपतो, शाबासकी संपते. फळ मिळेनासं झालं की शिकलेली गोष्ट हळूहळू मावळते. पण ती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं की मावळलेली सवय मध्ये काही काळ गेल्यावर आपोआप पुन्हा डोकं वर काढते. ब्रूनोच्या आतही ते तीन महिने शाबूत आहेत. तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

लष्कराचे कुत्रे मेरठला तयार होतात, सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला. तिथून शिकून बाहेर पडले, कामावर रुजू झाले, तरी त्यांचा सराव थांबत नाही, हँडलर, म्हणजे त्यांना सांभाळणारा जवान, तो करून घेतच राहतो. गवयाचा रियाज असतो ना, तसाच. घरच्या कुत्र्याला मात्र आपण तीन महिन्यांत पदवी देऊन मोकळे होतो.

आता बागेतली हाक. तुम्ही ‘ये’ कधी म्हणता? माझा अंदाज, घरी निघायची वेळ झाल्यावर. तो आला की पट्टा लागतो, बाग संपते, सातवा मजला. असं महिनोन् महिने झालं की ‘ये’चा अर्थ ‘मजा संपली’ असा होतो. ब्रूनो हट्टी नाही हो, तो हे अगदी नीट शिकला आहे. म्हणून तो शब्द सोडून द्या आणि नवा घ्या, ‘इकडे’ म्हणा. पहिला आठवडा फक्त घरात, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात. आला की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, आणि लगेच मोकळा. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, शेवटी बागेत, पण दहा मीटरच्या लांब दोरीवर. दोरी गळपट्ट्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा. बागेत दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा हुंदडायला सोडा. सवय पक्की झाल्यावर खाऊ विरळ करा, मधूनच द्या, पण बंद कधीच करू नका. तोवर दोरीशिवाय अजिबात सोडू नका. न ऐकता पळण्याचा सराव झाला, तर तोही पक्का होतो.

लिफ्टचं कोडं वेगळं आहे. ‘बस’ तो साताऱ्याच्या अंगणात शिकला. एका जागी शिकलेलं कुत्रा आपोआप दुसरीकडे नेत नाही. अरुंद डबा, उघडणारं दार, अनोळखी पाय, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. कोथरूडच्या एका सोसायटीत मी एका कुत्रीबरोबर बारा दिवस, दुपारी अडीचला, रिकाम्या लिफ्टने नुसती वर-खाली करत होते. दार उघडलं की कोपऱ्यात बसायचं आणि खाऊ घ्यायचा, इतकंच. तेराव्या दिवशी वॉचमनकाकांना आत बोलावलं. ती बसून राहिली, नजर माझ्या हातावर. मला तेव्हा झालेला आनंद आजही तसाच आठवतो. तुम्हीही गर्दीच्या वेळा टाळून सुरुवात करा. सरावाच्या दिवसांत कुणी येताना दिसलं तर ती लिफ्ट जाऊ द्या.

पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चला. एवढंच, पण घरातल्या सगळ्यांनी. तुम्ही थांबणार आणि चिरंजीव ओढत जाऊ देणार, असं असेल तर काही होणार नाही. वहिनींच्या हाती काही दिवस पट्टा देऊ नका.

हे सगळं दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा, नाहीतर वजन वाढेल. काकडी, गाजर, उकडलेलं अंडं चालतं. बेदाणे, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. दिवाळीच्या चिवड्यातला बेदाणासुद्धा नाही.

ट्रेनर लावायचा असेल तर जरूर लावा, पण ‘मला काय शिकवाल?’ असं त्याला आधी विचारा. तो ब्रूनोला एकट्यालाच घेऊन जाणार असेल, किंवा गळ्याला आवळणारी साखळी वापरणार असेल, तर नको. ट्रेनरचं ऐकणारा आणि घरच्यांचं न ऐकणारा कुत्रा मी फार वेळा पाहिला आहे.

प्रश्न : आमची चिंगी साडेअकरा वर्षांची देशी कुत्री. या वयात तिला काही नवं शिकवणं म्हणजे छळ नाही का? तिला आरामात राहू द्यावं असं वाटतं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची माया समजते. उड्या, पळापळ, निसरड्या फरशीवर उठबस नकोच. पण दिवसभर नुसतं पडून राहणं म्हाताऱ्या कुत्र्याला मानवत नाही. टॉवेलच्या घड्यांत चपातीचे तुकडे लपवा, तिला हुंगून शोधू द्या. नाक शेवटपर्यंत साथ देतं.

आणि हाताच्या खुणा आत्ताच शिकवा, ऐकू येतंय तोवर. आमचा शेरू सात वर्षांचा असताना मी प्रत्येक शब्दाबरोबर खूण जोडली, सहज म्हणून. तेराव्या वर्षी त्याचे कान पूर्ण गेले. रस्त्यावर हाकेचा उपयोग राहिला नाही, पण तळहात वर केला की तो जागच्या जागी थांबायचा. संध्याकाळी गच्चीच्या दारातून मी दोन्ही हात पसरले की उन्हातून उठायचा आणि हळूहळू माझ्याकडे चालत यायचा. असा तो पंधराव्या वर्षापर्यंत आला.