‘शिकारखाना’, ‘रमणा’ आणि शिकारीचा वाडा

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड येथील जुन्या ‘हंटिंग लॉज’वर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहिताना त्या वास्तूला ‘शिकारखाना’ म्हटले तर चालेल का, आणि भोवतालच्या रानाला काय म्हणावे.

‘शिकारखाना’ टाळावा. ‘खाना’ म्हणजे घर, म्हणून शिकारीचे घर तो शिकारखाना, अशी फोड सहज सुचते; परंतु मराठी राज्यकारभारात तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांच्यासह अठरा कारखान्यांत मोजला जाणारा शिकारखाना हे दरबाराचे एक खाते होते, राजाच्या मुक्कामाची वास्तू नव्हे. पीलखान्यात हत्ती राहत, राजा नव्हे, एवढे आठवले तरी पुरे.

‘पारध’ हा संस्कृत ‘पापर्धि’पासून प्राकृतामार्गे आलेला अस्सल शब्द मला अधिक प्रिय आहे. मात्र आपल्याकडे ‘पारधी बेडा’ इतका रूढ आहे की, ‘पारधवाडा’ म्हणताच गावाबाहेरची वस्तीच डोळ्यांपुढे येईल. ‘बंगला’ म्हणावे, तर वनखात्याचे विश्रामगृह आठवते. ‘मृगयागृह’ शुद्ध आहे खरे, पण ते कोणी बोलणार नाही. ही वास्तू ब्रांडेनबुर्ग या जर्मन संस्थानाचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला राज्यकर्ता) दुसरा योआखिम याने १५४२ मध्ये तलावाकाठी बांधविली. मालगुजारांचे वाडे पाहिलेल्या मुलांना ‘शिकारीचा वाडा’ एवढे म्हटले की तिचा थाट आणि उपयोग दोन्ही कळतील.

रानासाठी मात्र नेमका शब्द तयार आहे : ‘रमणा’. राजाच्या शिकारीसाठी किंवा विहारासाठी राखलेले, हरणे बाळगलेले रान, हा त्याचा अर्थ. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्यामुळे दक्षिणा वाटण्याची जागा असा दुसराच अर्थ त्याला चिकटला. नागपूरच्या ‘रमणा मारोती’मुळे निदान त्याचा उच्चार तरी विदर्भाच्या कानांना परका नाही. ‘राखीव वन’ लिहू नये, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार ती शासकीय वनांची एक वर्गवारी आहे.

एक गोष्ट जपावी. ‘ग्रुनेवाल्ड’ म्हणजे हिरवे रान. पण हे नाव आधी वाड्याला मिळाले आणि वाड्यावरून रानाला. त्यामुळे ‘ग्रुनेवाल्ड नावाच्या रानात बांधलेला म्हणून ग्रुनेवाल्डचा वाडा’ असे लिहिल्यास क्रम उलटा होईल.