म्हातारं माणूस पडल्यावर खुब्याचं हाड मोडलंय की नुसता मुका मार आहे, हे घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय, आई ७६ वर्षांच्या आहेत, काल पहाटे न्हाणीजवळ घसरून कुशीवर पडल्या. सूज नाही, काळंनिळं नाही, धरलं तर संडासपर्यंत जातात, फक्त जांघेत दुखतंय म्हणतात. शेजारचे म्हणतात मुका मार आहे, तेल लावून शेका. ताई, तेल-चोळणं थांबवा, त्यांना चालवू नका आणि आजच एक्सरे काढा.

मी अंबाजोगाईकडची, हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. जांघेतलं दुखणं ऐकलं की मला आधी खुबाच आठवतो. खुब्याचं हाड मानेपाशी, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या गोळ्याच्या लगेच खालच्या निमुळत्या भागात मोडलं, तर ते सांध्याच्या पिशवीच्या आत मोडतं. रक्त बाहेर येत नाही, म्हणून सूज नाही, डाग नाही. थोडं खाली मोडलं तर मांडी सुजते, पाय आखूड दिसतो, ते घरच्यांनाही कळतं. फसवतं ते मानेचं. कधी मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना, चालतो. हाड जागेवर आहे तोवर बऱ्याचदा स्क्रूवर भागतं. ते सरकलं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग या वयात बहुधा गोळाच बदलावा लागतो.

माझ्या आजीचं असंच झालं. ती पडल्यावर चार दिवस भिंत धरून तुळशीपर्यंत जात होती. "गुडघा दुखतोय गं" म्हणायची, म्हणून गुडघ्याचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एक जण रोज येऊन मांडी चोळून जायचा. पाचव्या दिवशी बाजेवरून उठताना पाय फिरला आणि ती ओरडली. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

आता आईंना उताणं झोपवा, पांघरूण काढा आणि पायथ्याशी उभ्या राहून दोन्ही पावलं बघा. मोडलेला पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो, करंगळी गादीला टेकते, टाच दुसऱ्या टाचेपेक्षा वर राहते. आमच्याकडे धारूरकडची एक म्हातारी आली होती. तिच्या दोन्ही पायांतली जोडवी एका रेषेत नव्हती, एक जोडवं दीड बोट वर होतं. तिच्या सुनेला ते घरीच दिसलं होतं, म्हणून ती लवकर आली. मग आईंना म्हणा, "पाय सरळ ठेवून टाच जरा उचला." नाही उचलली तर मोडलंच आहे असं धरून चाला. तुम्ही स्वतः पाय ओढून, फिरवून बघू नका.

पण पाय सरळ दिसला, टाचही उचलली, तरी एक्सरे टाळू नका. दोन्ही खुबे एका फिल्ममध्ये आणि दुखऱ्या खुब्याचा आडवा, म्हणजे बाजूने घेतलेला, असे दोन काढायला सांगा. बारीक चीर पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही. पाय टेकवल्यावर जांघेत कळ येतच राहिली तर एमआरआय किंवा सीटीबद्दल डॉक्टरांना विचाराच.

रिक्षात बसवून किंवा मोटारसायकलवर नेऊ नका. १०८ ला फोन करा. दोन्ही पायांमध्ये गोधडीची घडी ठेवा, पाय सैल बांधा, झोपवूनच न्या.

मोडलेलं निघालं तर घरात कुणीतरी म्हणेलच, "या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू द्या." पडून राहण्यातच जास्त धोका आहे. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत झालेलं बरं, आणि तुमचा एक दिवस गेलाच आहे.

बीपी-शुगरच्या गोळ्या, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर तिचं पाकीटच सोबत घ्या. पडण्याआधी चक्कर आली होती का, डोकं आपटलं का, हेही निघण्याआधी आईंना विचारून घ्या, डॉक्टर ते विचारतील.